जुना फिल्म स्कॅनर, विंडोज ११ आणि सही नसलेला ड्रायव्हर : कामाच्या नोंदी

कराडला काकांचा फोटो स्टुडिओ होता. शटर बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावर निगेटिव्हचे डबे तसेच आहेत, काही तर आजोबांच्या काळातले. काकांकडे वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला ४००० डीपीआयचा फिल्म स्कॅनर आहे, यूएसबीवर चालणारा. यंत्र ठणठणीत आहे. कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांचं बोलणं जुळवणारे प्रोग्रॅम, मात्र ३२ बिटी व्हिस्टापर्यंतच (विंडोजची जुनी आवृत्ती) काढले. काकांचा नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच येतं. त्यावर हा स्कॅनर चालवायचा, एवढंच काम. एका रविवारचं वाटलं होतं, चार आठवडे गेले. असंच एखादं जुनं यंत्र घेऊन कोणी बसलं असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून चुकांसकट सगळं इथे ठेवतोय.

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने कराड. स्कॅनर माळ्यावरून उतरवला. केबल उंदरांनी कुरतडली होती. प्रिंटरला लागते तीच केबल याला चालते, १५० रुपयांना मिळाली. बटण दाबल्यावर आतली मोटर एकदा पुढे, एकदा मागे सरकली आणि हिरवा दिवा स्थिर झाला. काका कान देऊन ऐकत होते. "आवाज बरोबर आहे," म्हणाले.

लॅपटॉपला जोडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, नाव आलं, पण पिवळ्या त्रिकोणासह. कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, पण मूळ सीडी मी आधीच घरी पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर विनातक्रार बसलं, कारण ३२ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर चालतो. ३२ बिटी ड्रायव्हर चालत नाही. फोल्डर हाताने दाखवलं तर उत्तर आलं की यात या यंत्राला जुळणारा ड्रायव्हर नाही, असलाच तर तो ६४ बिटी विंडोजसाठी बनवलाय का ते बघा.

जेवताना कळलं की महिन्यापूर्वी काकांनी लॅपटॉप एका दुकानात नेला होता. तिथे पाचशे रुपये घेऊन कुठलासा "ड्रायव्हर पॅक" घातला आणि होत नाही म्हणून परत दिला. तेव्हा मी हे कानाआड केलं. तीन आठवड्यांनी तेच आडवं आलं.

रविवार, २ फेब्रुवारी

ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ही साधी मजकुराची फाइल असते. कुठलं यंत्र जोडलं की कुठल्या फाइली कुठे ठेवायच्या आणि कुठला ड्रायव्हर चालू करायचा, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये कंपनीच्या नावापुढे यंत्रांच्या एकाच यादीचा उल्लेख होता आणि ती यादी ३२ बिटी विंडोजची. ६४ बिटी विंडोज अशी यादी वाचतच नाही. तिला स्वतःची वेगळी यादी लागते आणि त्या यादीच्या नावाला "एनटीएएमडी६४" हे शेपूट लागतं. प्रोसेसर इंटेलचा असला तरी शेपूट हेच.

कंपनीच्या ओळीत स्वल्पविराम देऊन ते शेपूट जोडलं, खाली त्या नावाचा नवा विभाग केला आणि जुन्या यादीतली स्कॅनरची ओळ त्यात उतरवली. एक ३२ बिटी डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून वापरायची फाइल) कॉपी करायची ओळ होती ती काढून टाकली, कारण विंडोजची स्कॅनर सांभाळणारी सेवा ६४ बिटी आहे आणि तिला ती डीएलएल उघडता येत नाही.

नोटपॅडने फाइल मागे .टीएक्सटी लावून साठवली आणि एक्सप्लोररमध्ये फाइलींच्या नावांची अशी शेपटं (एक्स्टेन्शन) लपवलेली होती. अर्धा तास मी जुनीच फाइल पुन्हा पुन्हा बसवत होतो. कामाला बसण्याआधी फाइलींची शेपटं दिसतील अशी सेटिंग करून ठेवा.

खरी फाइल दिली तेव्हा संदेश बदलला: फाइलचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही, फाइल बिघडलेली असावी किंवा कोणी तिच्यात फेरफार केला असावा. बरोबरच होतं, फेरफार मीच केला होता. शेजारची .कॅट फाइल म्हणजे कॅटलॉग. त्यात प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा असतो आणि त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एक रिकामी जागा बदलली तरी हॅश जुळत नाही. मग कॅटलॉगचा उल्लेख असलेली ओळच काढली. आता नवा संदेश: या आयएनएफमध्ये डिजिटल सहीची माहितीच नाही.

हे दोन संदेश मी दिवसभर एकच समजत होतो. पहिल्याचा अर्थ सही आहे पण ती या फाइलची नाही. दुसऱ्याचा अर्थ सहीच नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

या दिवसाबद्दल वाईट वाटतं, कारण काकांचा लॅपटॉप मी विनाकारण अडचणीत आणला.

टेस्ट मोड चालू करायचा ठरवलं. त्यात विंडोज कुठल्याही, अगदी घरी बनवलेल्या सर्टिफिकेटने सही केलेले ड्रायव्हरही चालू देतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बीसीडीएडिटचा (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग बदलणारं साधन) आदेश दिला. नकार आला: ही नोंद सिक्युअर बूटच्या (सुरू होतानाच विश्वासू नसलेलं काही चालू न देणारं संरक्षण) धोरणाने संरक्षित आहे, बदलता येणार नाही. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूटच बंद केलं. पुढच्या क्षणी निळा पडदा: बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की द्या.

नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं. त्याची किल्ली, ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. हा लॅपटॉप काकांच्या नातीने पुण्यात सुरू करून दिला होता, तिच्या खात्याने. ती परीक्षेला बसलेली, फोन बंद. दोन तास काका लॅपटॉपसमोर बसून होते. एकदाच विचारलं, "यातलं सगळं गेलं का रे?"

चारच्या सुमाराला तिचा फोन लागला. किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. ती इंग्रजीत आकडे सांगत होती, काका ते मराठीत मोठ्याने म्हणत होते आणि मी दाबत होतो. पाचव्या गटाला चुकलो. लॅपटॉप उघडला. संध्याकाळी मी सिक्युअर बूट परत चालू केलं तर पुन्हा किल्ली मागितली. तोवर ती वहीत लिहून ठेवली होती म्हणून निभावलं.

दोन गोष्टी मला नंतर कळल्या. पहिल्या निळ्या पडद्यालाच किल्ली न देता बायोसमध्ये परत जाऊन सिक्युअर बूट चालू केलं असतं, तर लॅपटॉप मुकाट उघडला असता. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. ती वापरा, आणि किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या.

याच लॅपटॉपवरून काका बँकेचे आणि पेन्शनचे व्यवहार करतात. स्कॅनरसाठी त्याचं कुठलंही संरक्षण कायमचं बंद ठेवायचं नाही, हे त्या संध्याकाळी ठरवलं. स्कॅनर साताऱ्याला घेऊन आलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

माझा घरचा डेस्कटॉप जुना आहे. विंडोज १० ची ६४ बिटी आवृत्ती, जुन्या पद्धतीचं बायोस, सिक्युअर बूट नाही, एन्क्रिप्शन नाही. प्रयोगाला योग्य.

सेटिंग्जमधून ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, तिथून ट्रबलशूट, मग स्टार्टअप सेटिंग्ज. रीस्टार्ट झाल्यावर येणाऱ्या यादीत सातवा पर्याय म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची सक्ती या एका वेळेपुरती बंद. सात दाबलं. आयएनएफ दिल्यावर लाल पट्टीची खिडकी आली की प्रकाशकाची खात्री पटत नाही. तरीही बसवा म्हटलं. त्रिकोण गेला. सॉफ्टवेअर उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात स्कॅनरचं नाव! फिल्मची पट्टी ओढून घेतानाचा तो घरघराट ऐकून मी काकांना फोन लावला आणि फोन स्कॅनरजवळ धरला.

ही सवलत पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते, म्हणून उद्या हा ड्रायव्हर कोड ५२ (सही पडताळता येत नाही) देऊन बंद पडणार हे मी धरूनच चाललो होतो. रात्री मशीन बंद करून पुन्हा लावलं. स्कॅनर चालू. पुन्हा रीस्टार्ट केलं, तरी चालू.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तीन दिवस हेच डोक्यात होतं. सही नसलेला ड्रायव्हर सक्ती परत आल्यावरही चालतो कसा?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनरच्या ड्रायव्हरचे तपशील उघडले. यादीत .एसवायएस फाइल, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा ड्रायव्हर, एकच होती, यूएसबीस्कॅन, आणि तिच्यावर सही मायक्रोसॉफ्टची. म्हणजे स्कॅनर कंपनीने स्वतःचा कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) लिहिलेलाच नव्हता. विंडोजमध्ये आधीपासून असलेला यूएसबी स्कॅनरचा ड्रायव्हर या यंत्राला लावा, एवढंच त्यांची आयएनएफ सांगत होती.

सगळं काम इथे उलगडलं. विंडोज सही दोनदा तपासतं. ड्रायव्हर बसवताना आयएनएफ आणि कॅटलॉगची, आणि दर वेळी चालू करताना .एसवायएस फाइलची. दुसरी तपासणी ६४ बिटी विंडोजवर व्हिस्टापासून सक्तीची आहे, आणि २०१६ च्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. ती घरी बसून मिळत नाही. पण आमची अडचण फक्त पहिल्या तपासणीची होती आणि ती घरी सुटते.

तेव्हा कुठल्याही जुन्या यंत्राचं काम हातात घेताना आधी हेच बघा: सही आयएनएफची अडलीय की .एसवायएसची? आयएनएफमध्ये .एसवायएस शोधा. मिळालेलं नाव विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात आधीपासून असेल आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असेल, तर टेस्ट मोड लावणं, सिक्युअर बूट बंद करणं, तो सातवा पर्याय, यांतलं काहीच करावं लागत नाही. आमच्या फाइलमध्ये तर तेही नाव नव्हतं, "एसटीआय.आयएनएफ सामील करा" अशी ओळ होती. ती विंडोजची स्वतःची फाइल. २ तारखेला ही ओळ डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचून पुढे गेलो होतो.

शनिवार, १५ आणि रविवार, १६ फेब्रुवारी

स्वतःचा कॅटलॉग, स्वतःचं सर्टिफिकेट.

कॅटलॉग बनवणारं इन्फटूकॅट विंडोज ड्रायव्हर किटमध्ये मिळतं, सही करणारं साइनटूल विंडोज एसडीकेमध्ये. दोन्ही फुकट, पण डाउनलोड जड आहे. आमच्याकडच्या नेटवर शनिवारची संध्याकाळ त्यातच गेली. हे सगळं डेस्कटॉपवरच केलं. काकांच्या लॅपटॉपवर यातलं काही घालावं लागत नाही.

आयएनएफमध्ये कॅटलॉगच्या नावाची ओळ परत घातली आणि इन्फटूकॅट चालवलं. चूक: ड्रायव्हरची तारीख २१ एप्रिल २००९ नंतरची हवी. आमची २००७ ची होती. रात्रीचा एक वाजून गेला होता, म्हणून आजची तारीख घातली, १६/०२/२०२५. पुन्हा चूक. इथे महिना आधी लागतो आणि सोळावा महिना नसतो. ०२/१६/२०२५ केलं. तरी चूक: तारीख भविष्यातली आहे.

घड्याळ बघितलं, मशीनची तारीख तपासली, सगळं बरोबर. पाऊण तासाने उमगलं की इन्फटूकॅट जागतिक वेळ धरतं. आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. कालची तारीख घातली आणि कॅटलॉग तयार झाला. स्थानिक वेळ वापर म्हणून सांगायचा पर्यायही त्यात आहे. रात्री जागून काम करणाऱ्या भारतीय माणसाला हा फटका हमखास बसणार, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

सर्टिफिकेट पॉवरशेलमधून (विंडोजची आदेश टाइप करायची खिडकी) एका ओळीत बनतं. प्रकार कोड सायनिंगचा सांगायचा. मुदत सांगितली नाही तर एकच वर्षाची मिळते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लॅपटॉपवर हेच बसवायला गेलात की अडाल. मी दहा वर्षं दिली. मग साइनटूलने कॅटलॉगवर सही केली आणि सर्टिफिकेटचा सार्वजनिक भाग .सीईआर फाइलमध्ये काढून घेतला.

शेवटी जे केलं ते कोणीही टाळू नये. सर्टिफिकेटची खासगी किल्ली, म्हणजे जिने सही करता येते तो गुप्त भाग, डेस्कटॉपवरून पुसून टाकली. काकांचा लॅपटॉप आता या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणार. ती किल्ली कोणाच्या हाती पडली तर तो माझ्या नावाने काहीही सही करून त्या लॅपटॉपवर खपवू शकतो. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक किड्याचे (वर्म) ड्रायव्हर तैवानमधल्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही केलेले होते. तिथे मोठ्या कंपन्यांच्या किल्ल्या गेल्या, माझं घर तर तेवढं बंदोबस्ताचं नाही. ड्रायव्हरचं फोल्डर आणि .सीईआर झिप करून पेनड्राइव्हवर घेतलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

परत कराड. स्कॅनर मांडीवर घेऊन एसटीत.

.सीईआर फाइलवर दोनदा क्लिक करून, येईल त्याला पुढे-पुढे म्हणत सर्टिफिकेट घातलं. ड्रायव्हर बसेना: सर्टिफिकेटची साखळी विश्वासू नसलेल्या मुळाशी संपते. कारण असं की तशा पद्धतीने ते फक्त चालू वापरकर्त्यासाठी आणि विंडोजला वाटेल त्या कप्प्यात जातं. घालताना "लोकल मशीन" निवडायचं आणि कप्पा आपण सांगायचा. दोन कप्प्यांत घालावं लागतं, एकदा ट्रस्टेड रूटमध्ये आणि एकदा ट्रस्टेड पब्लिशर्समध्ये.

मग काकांना दाखवावं म्हणून आयएनएफ उघडली आणि हौसेने वर एक टीप लिहिली, कोणासाठी कधी केलं ती. साठवली. झालं, पुन्हा हॅश जुळत नाही! सही झाल्यावर त्या फाइलला बोटही लावायचं नाही हे मला पाठ झालेलं असूनही हे घडलं. खासगी किल्ली पुसलेली, म्हणजे नव्याने सही करायला साताऱ्याला जाऊन सगळं पहिल्यापासून. पेनड्राइव्हवरची झिप होती म्हणून वाचलो.

आता ड्रायव्हर बसल्याचं विंडोज म्हणालं, पण स्कॅनरला दुसराच लागला, कुठल्यातरी अनोळखी नावाचा. इथे दुकानातला ड्रायव्हर पॅक आठवला. काय झालं ते विंडोजच्या आयएनएफ फोल्डरात सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग या फाइलमध्ये ओळीने लिहिलेलं असतं. तिच्यात उद्गारचिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी आधी वाचा. विंडोजच्या साठ्यात या स्कॅनरवर हक्क सांगणारी आणखी एक आयएनएफ होती. पीएनपीयूटिल या विंडोजच्याच साधनाने सगळ्या परक्या ड्रायव्हरांची यादी काढली. ओईएम आणि आकडा अशी नावं असतात, त्यांतला नेमका शोधून तो डिलीट आणि अनइन्स्टॉल हे दोन्ही पर्याय देऊन काढला. केबल काढून पुन्हा लावली.

त्रिकोण नाही, लाल खिडकी नाही. सिक्युअर बूट चालू, बिटलॉकर चालू, मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्याचं आणखी एक संरक्षण) चालू. विंडोजच्या स्वतःच्या स्कॅन ॲपमध्ये यंत्र दिसत नाही, कारण ती डीएलएल आपण काढली. कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, आणि काकांच्या हाताला तेच सवयीचं आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

यशाच्या भरात मॉनिटरचे रंग जुळवायचं काकांचं जुनं उपकरणही जोडून बघितलं. त्याची आयएनएफ स्वतःची .एसवायएस फाइल आणते. त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट बनवून आणलं होतं, .एसवायएसवरही सही केली होती. बसताना काही कुरकुर नाही, पण चालू होताना कोड ५२: या ड्रायव्हरची सही पडताळता येत नाही. बुधवारच्या नोंदीतली दुसरी तपासणी ती हीच. सगळं काढून टाकलं, सर्टिफिकेटही. उपकरण डब्यात परत गेलं. यासाठी टेस्ट मोड लावणार नाही.

हिशेब: केबल १५०, दुकानाचे ५००, एसटीचं भाडं वेगळं. माझे मोजून बावीस तास. नेमकं काय करायचं ते माहीत असतं तर तीन तासांचं काम होतं.

दुपारी काकांनी पत्र्याचा डबा उघडला. झाकणावर आजोबांच्या अक्षरात "कोयना, डिसें. ६७". ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर आजोबा कोयनानगरला गेले होते. डब्यातल्या १२० फिल्मच्या मोठ्या निगेटिव्ह या स्कॅनरमध्ये जात नाहीत, पण ३५ मिमीच्या चार पट्ट्या होत्या.

पहिला स्कॅन विचित्र आला, चेहऱ्यांवर मेणासारखे डाग. काकांनी लगेच ओळखलं. "धूळ काढायचं बंद कर. काळ्या-पांढऱ्याला ते चालत नाही." स्कॅनर धूळ शोधायला इन्फ्रारेड प्रकाश वापरतो. रंगीत फिल्ममधून तो आरपार जातो, पण काळ्या-पांढऱ्या फिल्ममधल्या चांदीला अडतो, त्यामुळे यंत्राला चित्रच धूळ वाटतं. खूण काढली, पट्टी ब्लोअरने झटकली, पुन्हा स्कॅन.

एका फ्रेमची १६ बिटी टिफ फाइल जवळपास १२८ एमबीची होते, तेव्हा डिस्कची सोय आधी बघून ठेवा. पडद्यावर पडकी भिंत आली. तिच्यापुढे उघड्यावर चूल, चुलीपाशी घोंगडी पांघरलेली बाई, मागे बैलगाडीत भरलेली भांडी. काकांनी चित्र मोठं केलं, भांड्यावर कोरलेलं नाव वाचता येतंय का ते बघायला. पहिली दोन अक्षरं लागली. तिसऱ्यावर ओरखडा आहे. त्याच्या आधीची फ्रेम आता स्कॅनरमध्ये घातलीय.